एक्सपोज्ड विटांना लोणा लागलाय: ॲसिड, लॅकर की प्लास्टर?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये 22 वर्षांपूर्वीचा बंगला, बाहेरच्या भिंती 9 इंची एक्सपोज्ड विटांच्या. पश्चिमेच्या भिंतीवर दर वर्षी दिवाळीच्या सुमारास पांढरा खार फुलतो. जोत्यापासून तीन फुटांपर्यंत ओल दिसते, गच्चीच्या कठड्याखालीही पांढरे ओघळ आहेत. गेल्या वर्षी ॲसिडने भिंत धुतली, दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न. गवंडी म्हणतो वॉटरप्रूफ प्लास्टर करून टाका, पेंटर म्हणतो पारदर्शक लॅकर मारा. काय करावं?

उत्तर:

या वर्षी सगळ्या भिंतीवर तिन्हींतलं काहीच करू नका. ॲसिडचा अनुभव तुम्ही घेतलाच आहे. प्लास्टर आणि लॅकर यांनी खार दिसेनासा होईल, पण त्याच काळात विटा आतून कुजतील. दोन-तीन वर्षांनी लॅकरसकट विटेचा चेहरा सुटून येतो, तेव्हा पुसायला खार उरत नाही, बदलायला विटा उरतात.

लोणा म्हणा, खार म्हणा, तो फुलायला तीन गोष्टी लागतात: भिंतीत विरघळणारे क्षार, ते वाहून आणणारं पाणी, आणि ते पाणी उडून जाईल असा उघडा पृष्ठभाग. क्षार विटेत आणि दर्जांत (विटांमधल्या सांध्यांत) मुरलेले असतात, ते शंभर टक्के निघत नाहीत. पृष्ठभाग बंद केला तर काय होतं ते पुढे येईलच. आपल्या हातात राहतं ते पाणी. म्हणून या कामातला बराचसा वेळ आणि पैसा विटांवर नव्हे, तर जोत्याभोवतीच्या जमिनीवर आणि कठड्याच्या माथ्यावर खर्च व्हायला हवा.

आता क्षार येतात कुठून. विटेच्या मातीत आणि भट्टीतल्या कोळशात गंधक असतं, त्यातून सल्फेट तयार होतात. वीट नीट भाजली की त्यातले बरेच मोडतात. भट्टीच्या कडेची, कमी भाजलेली फिकट वीट मात्र क्षारही धरते आणि पाणीही पिते. एकाच भिंतीत एक वीट पांढरीफटक आणि तिच्या शेजारची लालबुंद, असं दिसतं ते त्यामुळे. सिमेंटमधल्या सोडियम-पोटॅशियमचाही वाटा असतो. नव्या घरावर पहिली एक-दोन वर्षं येणारा खार बहुतेक त्याचाच, आणि तो आपोआप कमी होत जातो. तुमच्याकडे बावीस वर्षांनंतरही दर वर्षी येतोय, याचा अर्थ भिंतीला दर पावसाळ्यात नवं पाणी मिळतंय आणि बहुधा नवे क्षारही. जोत्याला चिकटून फुलझाडांचा वाफा असेल, त्याला बोअरचं पाणी आणि वरून 19:19:19 चं (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) खत, तर हे नवे क्षार कुठून येतात ते शोधायला लांब जायला नको. खतातलं नायट्रेट आणि पोटॅश ओलीबरोबर थेट विटेत चढतं. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत गोठा किंवा जुना संडास होता त्या भिंतींना आजही हाच त्रास असतो. तिथला खार म्हणजे बराचसा सोरा, पूर्वी दारूगोळ्यासाठी असल्याच भिंती खरवडून काढायचे तो.

दिवाळीलाच का फुलतो, हे समजलं की पुढची अर्धी कामं आपोआप सुचतात. पुण्यात पाऊस वाऱ्याबरोबर पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर पश्चिमेची भिंत पाणी पीत राहते. हवाच दमट, म्हणून ते उडत नाही. ऑक्टोबरची उन्हं सुरू झाली की आतलं पाणी पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि सोबत क्षार आणतं. मग थंडी पडते. विटांवरच्या खारात हमखास सापडणारं सोडियम सल्फेट 100 ग्रॅम पाण्यात 30 अंशांना सुमारे 40 ग्रॅम विरघळतं, 10 अंशांना फक्त 9 ग्रॅमच्या आसपास. साखरेचा पाक गार झाला की पातेल्याच्या कडेला साखर धरते, तसंच डिसेंबरच्या रात्री भिंतीच्या तोंडाशी क्षार धरतो. तो पृष्ठभागावर फुलला तर नुसता विद्रूप दिसतो, ब्रशने निघतो. विटेच्या आत, पृष्ठभागापासून दोन-चार मिलिमीटरवर फुलला तर घात करतो. कोरडं सोडियम सल्फेट पाणी घेऊन पुन्हा स्फटिक बनतं तेव्हा त्याचं आकारमान सुमारे चौपट होतं. विटेच्या छिद्रांत तेवढी जागा नसते, मग वीटच फुटते. विटेची सुटलेली पापडी हातावर घेऊन उलटी करून पाहा: बाहेरची बाजू जुनी, काळपट वीट, आणि आतल्या बाजूला साखरेसारखा बारीक चमकणारा थर. असा थर दिसला की समजायचं, खार आता बाहेर येत नाही, आत साठतोय.

कामाची सुरुवात स्प्रेच्या बाटलीने करा. पांढऱ्या डागावर पाणी मारा. लगेच दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला तर तो विरघळणारा क्षार, बहुतेक सल्फेट. तसाच राहिला आणि कडक, काचेसारख्या पापुद्र्याचा असेल तर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बारीक फेस आला तर तो चुना, म्हणजे सिमेंटमधून झिरपून आलेला कॅल्शियम कार्बोनेट. हा सहसा दर्जांतून किंवा स्लॅबच्या सांध्यातून ओघळलेला असतो. तुमच्या कठड्याखालचे ओघळ हे असण्याची दाट शक्यता आहे आणि जोत्याजवळचा खार सल्फेट-नायट्रेट असण्याची. म्हणजे एकाच भिंतीवर दोन रोग, दोघांची औषधं वेगळी. गेल्या वर्षी दोन्हींवर एकच ॲसिड ओतलं गेलं, तिथे गणित चुकलं. काळसर-हिरवट, मखमली डाग असतील तर ती बुरशी किंवा शेवाळ, तो तिसराच विषय. आणि चाखून बघू नका. तशी सवय काही जुन्या गवंड्यांना असते.

मग पाण्याचा माग. ओल जिथवर आहे तिथे खडूने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्यातून एकदा, मे ते डिसेंबर. साधं वाटतं, पण हजारोंच्या मशीनपेक्षा हा खडू जास्त सांगतो. जमिनीला समांतर, सगळ्या भिंतीभर सारख्या उंचीची रेघ असेल तर ओल खालून. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून त्रिकोणी पसरत असेल तर सिल, म्हणजे खिडकीखालची पट्टी, फुटली आहे. वरून खाली पट्टे असतील तर कठडा किंवा पावसाचा पाइप. पाऊस असो-नसो, बारा महिने एकाच जागी गोल डाग असेल तर प्लंबिंग. टोचायच्या डिजिटल मॉइश्चर मीटरवर फार विसंबू नका. ते विजेच्या वहनावर चालतं, आणि क्षार भरलेली भिंत बऱ्यापैकी कोरडी असली तरी ते लाल दिवा दाखवतं. त्या दिव्याच्या जोरावर भिंतीत रसायनाच्या इंजेक्शनचं हजारो रुपयांचं काम गळ्यात मारलं जातं.

प्लंबिंगची शंका एका रात्रीत फिटते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी खुणेने नोंदवा, भरणारा आणि खाली जाणारा दोन्ही व्हॉल्व बंद करा, सकाळी पाहा. पातळी उतरली तर टाकी गळतेय. दुसऱ्या रात्री खाली जाणारा व्हॉल्व उघडा ठेवून सगळे नळ बंद करा; आता उतरली तर लाइन गळतेय. जमिनीतल्या टाकीला हीच परीक्षा 24 तास. ही टाकी जोत्याच्या जवळ असते आणि तिच्या भिंतींना बाहेरून कुणी बघत नाही, म्हणून ती हमखास सुटते. बाहेरच्या पावसाच्या पाण्यासाठी पाइपने भिंतीवर पाणी मारून बघायचं, पण खालून सुरुवात करून वर सरकत, प्रत्येक टप्प्याला 15-20 मिनिटं. वरून सुरुवात केली तर सगळीच भिंत भिजते आणि काहीच कळत नाही.

जोत्याकडे वळू. 22 वर्षांपूर्वीच्या बंगल्यात बहुधा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) आहे आणि भिंत त्यावर उभी आहे. बीमचं काँक्रीट विटेइतकं पाणी चढू देत नाही. तरी तीन फूट ओल आहे, तर पाणी बीमला वळसा घालून येतंय. पुण्यात याचं कारण बहुतेक घरांत एकच म्हणावं असं: जमीन वर आली आहे. आधी अंगणात माती, मग तिच्यावर कोबा, मग कोब्यावर पेव्हर ब्लॉक, आणि बाहेर रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर. जोतं होतं तिथेच, अंगण चार-सहा इंच वर. वरच्या विटा आता जमिनीच्या पोटात आहेत आणि बाजूने पाणी पितात. शनिवारवाड्याचा तट आठवा: खाली दगड, वर वीट. पेठांतल्या वाड्यांनाही घडीव दगडाचं उंच जोतं असायचं, ते नुसतं शोभेसाठी नव्हतं. काळ्या पाषाणातून पाणी विटेसारखं चढत नाही, आणि पागोळ्यांचं उडणारं पाणीही दगडावरच थांबतं.

तुम्ही करायचं ते असं. भिंतीला लागून एक फूट रुंदीचे पेव्हर उचला. अंगणाची पातळी बीमच्या माथ्यापासून, किंवा डीपीसी (जोत्यावरचा ओल अडवणारा थर) असेल तर तिच्यापासून, किमान 150 मिमी खाली आली पाहिजे. त्या पट्टीत माती काढून 20 मिमीची धुतलेली खडी भरा. वरून पडणारं पाणी खडीत जिरतं, आपटून भिंतीवर उडत नाही. पावसाचा थेंब फरशीवरून फूटभरापर्यंत उसळू शकतो, म्हणून हे महत्त्वाचं. अंगणात पाणी साचत असेल तर खडीच्या खाली 100 मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप टाका, भोवती जिओटेक्स्टाइल कापड, उतार 100 ला 1, आणि तोंड पावसाच्या गटारात. चर 30 सेंमी रुंद, 45 सेंमी खोल पुरतो. पायाच्या तळाच्या खाली कधीही खणू नका, आणि काळी माती लागली तर चर उघडा टाकून पावसाळ्याची वाट बघू नका. काळी माती भिजून फुगते, वाळून आकसते, आणि भिंतीला तडे देते. उरलेल्या अंगणाला घराकडून बाहेर 50 ला 1 उतार. वाफा भिंतीपासून किमान तीन फूट दूर. एसीचा पाण्याचा बारीक पाइप बऱ्याच ठिकाणी भिंतीवरच सोडलेला असतो, तो आधी लांब न्या. तेवढ्यानेच काही डाग गेलेले दिसतील.

कठड्याचं काम तुलनेने सोपं आहे, पण तेही अर्धवट केलं तर फुकट. विटेच्या कठड्यावर पाऊस तीन बाजूंनी पडतो: दोन अंगं आणि माथा. माथ्यावर नुसता सिमेंटचा गिलावा असेल तर त्याला केसासारखे तडे जातात आणि पाणी आत उतरतं, आतून खाली येऊन पश्चिमेच्या भिंतीवर चुना ओघळवतं. कठड्यावर शहाबादी किंवा कडप्पा बसवा, दोन्ही बाजूंना 40 ते 50 मिमी बाहेर आलेला. बाहेर आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, 10-12 मिमीची खाच हवी. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून सरळ भिंतीवर येतं आणि दगड बसवूनही काही उपयोग होत नाही. दुकानदार खाच विचारल्याशिवाय मारून देत नाही. माथ्याचा उतार गच्चीकडे, साधारण 10 ला 1. दगडाखाली वॉटरप्रूफिंगचा एक लवचीक थर, आणि दगडा-दगडांमधल्या फटीत सिमेंट न भरता सीलंट भरा, कारण उन्हाने दगड सरकतात. गच्चीचं पाणी बाहेर टाकणारी पन्हळ भिंतीपासून फूटभर तरी पुढे आली पाहिजे, नाहीतर पाइपने खाली उतरवा.

हे झालं की थांबा. खरंच थांबा. भिंत वाळायला दर इंच जाडीला साधारण एक महिना धरतात. 9 इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर नोव्हेंबर ते मे हा पुण्याचा कोरडा काळ तिला बहुतेक पुरतो. आतून ऑइल पेंट किंवा टाइल असेल तर नाही पुरत. वाळताना खार पहिल्या वर्षी उलट जास्त येईल. घाबरून जाऊ नका. आत साठलेलं पाणी शेवटचं बाहेर पडताना क्षार घेऊन येतंय, हे चांगलं लक्षण आहे. याच वेळी बरेच जण काम फसलं असं समजून लॅकर मारतात.

या काळात फक्त कोरडा ब्रश. काथ्याचा किंवा नायलॉनचा, तारेचा नाही. तारेने विटेची भाजलेली साय निघते आणि तुटलेल्या तारांचे गंजाचे डाग पडतात. ब्रश वरून खाली मारा, खाली प्लास्टिक अंथरा आणि झडलेली पूड गोळा करून कचऱ्यात टाका. जोत्याशी पडू दिली तर पहिल्या सरीत तीच भिंतीत परत जाते. पाण्याने धुऊ नका, प्रेशर वॉशर तर नाहीच. धुण्याने खार विरघळून आत जातो आणि आठवड्याने पुन्हा बाहेर येतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा झाडलं की कितपत कमी होतंय ते दिसेल.

ॲसिड फक्त चुन्याच्या पापुद्र्यासाठी, म्हणजे तुमच्या कठड्याखालच्या ओघळांसाठी, तेही कठड्याचं काम संपल्यावर. आधी पापुद्रा छिन्नीच्या पात्याने जमेल तेवढा खरवडून काढा. सल्फॅमिक ॲसिड लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम पुरतं, आणि ते बाजारातल्या टॉयलेट धुण्याच्या ॲसिडपेक्षा बरंच सौम्य. तेच हायड्रोक्लोरिक वापरायचं झालं तर 20 भाग पाण्यात 1 भाग. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही. भिंत आधी पाण्याने भिजवायची म्हणजे ॲसिड आत शोषलं जात नाही. दोन-तीन मिनिटांत ब्रश मारून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे, चष्मा, आणि ब्लीचिंग पावडर किंवा फिनाइलशी कधीही एकत्र नाही. ब्लीच आणि ॲसिड मिळून क्लोरीन वायू निघतो. भिंतीत उरलेलं हायड्रोक्लोरिक चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड बनवतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं त्याहून किती तरी लवकर. मागच्या वर्षीच्या धुण्यानंतर भिंतीवर न वाळणारे गडद डाग राहिले असतील तर त्याचं कारण हे असू शकतं.

जोत्याजवळच्या विटांत मुरलेला क्षार ब्रशने निघणार नाही. तिथे पोटीस. गळवाला अळशीची बांधतात तशीच, भिंतीला. चिनी मातीची पावडर 1 भाग, न छापलेल्या कागदाचा (टिश्यू पेपर, टीपकागद) भिजवून कुटलेला लगदा 1 भाग, धुतलेली बारीक वाळू 2 भाग, सगळं घमेल्यात मापाने. पाणी घरच्या आरओचं घ्या, बोअरचं नको. बाहेरून क्षार आणून क्षार काढायचा उद्योग व्हायला नको. शाडूची माती घरात उरलेली असते म्हणून ती वापरायचा मोह होईल. चालेल, पण आधी चमचाभर शाडू आरओच्या पाण्यात ढवळून वरचं निवळ पाणी काळ्या फरशीवर वाळवून बघा. पांढरी कड उमटली तर ती शाडू गणपतीलाच ठेवा.

भिंत आधी आरओच्या पाण्याने हलकी भिजवा. लोण्यासारखं मऊ मिश्रण 15 मिमी जाडीचं, थापीने दाबून बसवा, मागे हवा राहू देऊ नका. चौरस मीटरला साधारण 15 लिटर, म्हणजे वीस-बावीस किलो मिश्रण लागतं. म्हणून सगळी भिंत नाही, सगळ्यात खराब पट्टाच घ्या. पहिला दिवस वर प्लास्टिक, मग काढून टाका आणि वाळू द्या. पाणी भिंतीतून पोटीसमध्ये येतं, तिथून उडतं, क्षार पोटीसमध्ये राहतो. आठ ते चौदा दिवसांत ती आकसून सुटायला लागते. सुटली की लगेच काढा. काम झालं का ते टीडीएस मीटरने मोजा, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आरओवाल्यांकडे असतो तोच. वाळलेली पोटीस 10 ग्रॅम, आरओचं पाणी 100 मिली, ढवळून अर्धा तास ठेवा, वरच्या पाण्याचा टीडीएस घ्या. न वापरलेल्या मिश्रणाचाही असाच घेऊन ठेवा. पहिल्या पोटीसचा आकडा हजाराच्या घरात गेला तरी नवल नाही. दुसरी, तिसरी लावत आकडा उतरतो. लागोपाठ दोन वेळा फारसा फरक पडला नाही की थांबा.

दर्जांचं काय? तुमच्याकडे बहुधा 1:3 सिमेंटचं पॉइंटिंग आहे. मजबूत म्हणून सगळे तेच करतात, आणि मऊ भट्टीच्या विटेला तेच मारक ठरतं. दर्जा विटेपेक्षा घट्ट असेल तर पाणी दर्जेतून उडत नाही, विटेतून उडतं. खार विटेत फुलतो, वीट झिजते आणि दर्जा मधाच्या पोळ्याच्या कडांसारख्या पुढे आलेल्या दिसतात. कोथरूड काय नि प्रभात रोड काय, जुन्या बंगल्यांच्या कंपाउंडच्या भिंती अशा भरपूर बघायला मिळतात. दर्जा अशी हवी की झिजायचीच वेळ आली तर ती झिजेल, वीट नाही. जुना माल छिन्नीने 15 मिमी खोल उकरा. ग्राइंडर लावला तर विटांच्या कडा गेल्याच म्हणून समजा. नवा माल 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू. विटा फारच मऊ असतील तर 1:2:9. चुन्याची पावडर रात्रभर भिजवून घ्या. 10 मिमीच्या दर्जांना चौरस मीटरला अडीच-तीन लिटर माल लागतो. वाड्याच्या चुन्यातल्या भिंतीला सिमेंट अजिबात नको: मुरवलेला चुना, सुरखी (विटांची पूड) आणि वाळू 1:1:1. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) असेल तर दोनदा धुऊन घ्या. हे काम नोव्हेंबर ते जानेवारीत. मार्चनंतर माल भाजून निघतो. सात दिवस हलकं पाणी शिंपडा, पाणी महापालिकेचं. क्युरिंगला टँकरचं बोअर मारून पुन्हा खार आला अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता पेंटरचं लॅकर. ॲक्रिलिक किंवा पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चकचकीत कोटिंग विटेवर पातळ पापुद्रा बनवतं. बाहेरचं पाणी काही काळ अडतं, पण आतलं पाणी बाहेर पडायची वाटही बंद होते, आणि क्षार त्या पापुद्र्याच्या मागे साठतो. पुढे काय होतं ते वर पापडीच्या बाबतीत सांगितलंच. गवंड्याचं वॉटरप्रूफ प्लास्टर हे त्याचंच जाड भावंड. तीन फुटांपर्यंत प्लास्टर केलं की ओल तिथे उडू शकत नाही, म्हणून वर चढते आणि पुढच्या वर्षी साडेचार-पाच फुटांवर नवी पांढरी रेघ उमटते. मग आणखी वर प्लास्टर.

कोटिंग लावायचंच तर सिलेन-सिलॉक्सेनचं. ते पापुद्रा बनवत नाही, छिद्रांच्या भिंतींना आतून पाणी झटकणारं बनवतं; वाफ जाऊ शकते, विटेचा रंगही फारसा बदलत नाही. पण एक अट आहे, आणि ती विक्रेता सांगत नाही. यातून वाफ जाते, क्षारयुक्त पाणी जात नाही. मागून ओल चालू असताना हे मारलं तर क्षार कोटिंगच्या मागच्या रेषेवर स्फटिक बनतो, म्हणजे लॅकरचाच प्रकार, जरा खोलवर. म्हणून तुमच्या बाबतीत ते पुढच्या वर्षी मार्च ते मे मध्ये, तोवर खडूची रेघ खाली उतरली असेल तरच, आणि तेही पश्चिमेच्या भिंतीच्या वरच्या भागावर. जोत्याचे खालचे तीन फूट उघडेच ठेवा. आधी कोपऱ्यात एक चौरस फूट मारून पंधरा दिवस बघा. खालून वर, कोटिंग ओघळेल इतकं भरपूर, पहिला हात वाळायच्या आत दुसरा.

डीपीसीचं इंजेक्शन सुचवणारा कुणीतरी भेटेलच. तो मार्ग खोटा नाही, पण तुमच्या घराला त्याची गरज बहुधा नाही. जमिनीची पातळी उतरवून दोन पावसाळे गेले आणि रेघ हललीच नाही, तर विचार करा. तेव्हा सिलेनचं क्रीम घ्या: जमिनीपासून सहा इंचांवरच्या आडव्या दर्जेत 12 मिमीची छिद्रं, 120 मिमीच्या अंतरावर, 230 मिमीच्या भिंतीत 190 मिमी खोल. एका छिद्रात 21-22 मिली क्रीम बसतं, म्हणजे रनिंग मीटरला 180 मिलीच्या आसपास. मीटरला 60-70 मिलीत काम उरकणारा ठेकेदार छिद्रं भरत नाहीये.

चेहरा उडालेल्या विटा बदलाव्या लागतील. एकेक वीट छिन्नीने काढून त्याच मापाची बसवा. यंत्राने कापलेली वायरकटची गुळगुळीत वीट जुन्या भट्टीच्या विटांत डोळ्याला खुपते. नव्या विटांतले क्षार आधीच तपासून घ्या, खर्च काहीच नाही. भारतीय मानक आयएस 3495 च्या तिसऱ्या भागात हीच चाचणी दिली आहे. ताटलीत 25 मिमी डिस्टिल्ड वॉटर, त्यात वीट उभी करायची, हवेशीर खोलीत ठेवायचं. पाणी वीट पिऊन उडालं की पुन्हा तेवढंच ओतायचं. तेही उडाल्यावर विटेकडे बघायचं. पांढरं 10 टक्क्यांपर्यंत असेल तर किरकोळ, 10 ते 50 टक्के मध्यम, त्यावर भारी. आणि पूड किंवा पापड्या सुटत असतील तर गंभीर. आयएस 1077 प्रमाणे साध्या विटेला मध्यमपर्यंत मुभा आहे, पण ती प्लास्टरखाली झाकली जाणारी वीट समजा. उघड्या भिंतीला किरकोळच्या वर गेलेली घेऊ नका. प्रत्येक ट्रॉलीतल्या पाच विटा, एक रंगाने फिकट असलेली मुद्दाम निवडून.